आशयाला पाच गुण

मी पदवीला होतो तेव्हा निकाल हा प्रकार सोपा होता. पास किंवा नापास, आणि नापास झालं तर घरी काय सांगायचं हा एकच अवघड प्रश्न. आता मी मुरबाडकडच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये मला बोलावतात आणि एप्रिलमध्ये विसरतात. शहापूरहून रोज एसटीने जातो. वाटेत सरळगावला गाडी इतका वेळ थांबते की त्या वेळात मी सगळी नवी परिपत्रकं वाचून काढली आहेत. श्रेणी, श्रेयांक, अंतर्गत, बाह्य, वेगवेगळं उत्तीर्ण होणं, एकत्रित उत्तीर्ण होणं, आणि एटीकेटी. ही शेवटची तर फारच दयाळू व्यवस्था आहे. तीत नापास झालेला पोरगा पास झालेल्यांच्याच बाकावर बसून पुढचं वर्ष शिकतो आणि दोघांनाही फरक कळत नाही.

पालकांना हे सगळं समजावणं हे माझं पगाराबाहेरचं काम. टोकावड्याला ढाबा चालवणारे एक गृहस्थ मुलाची गुणपत्रिका घेऊन आले होते. तीन विषयांत 'ओ' होता. पोराने तीन भोपळे आणले असं समजून त्यांनी आठवडाभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मी म्हटलं, ही सगळ्यात वरची श्रेणी आहे, अभिनंदन. ते म्हणाले, मग सरळ शंभर लिहायला काय होतं?

तर एका जूनमध्ये असं ठरलं की अंतर्गत चाळीस गुणांसाठी विद्यार्थ्याला पर्याय द्यायचे. चाचणी, सादरीकरण किंवा क्षेत्रप्रकल्प, ज्याने त्याने आपल्या आवडीने निवडावं. चाचणीला वाचावं लागतं. सादरीकरणाला प्रोजेक्टर लागतो, आणि आमचा प्रोजेक्टर कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली रजेवर असते. प्रकल्पासाठी मात्र फक्त एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जावं लागतं. त्यामुळे सगळ्या वर्गाने अगदी स्वतंत्रपणे विचार करून प्रकल्प निवडला.

झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रकल्प असतात. त्यातला सर्वात खपाचा 'ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या'. मुरबाड आणि शहापूर या आमच्या दोन्ही तालुक्यांत ऊस दिसतो तो रसवंतीच्या गाड्यावर, पण प्रकल्प कोल्हापुरातून कुणीतरी आणला होता आणि तो पन्नास पानांचा होता. भातखाचरांत वाढलेली आमची पोरं वर्षानुवर्षं पंचगंगेच्या काठच्या उसावर मनापासून चिंता व्यक्त करत आली आहेत. मी वर्षानुवर्षं त्यांना चाळीसपैकी पस्तीस देत आलो. सगळ्यांना सारखेच. याला मी मनात समता म्हणत असे.

मग तपासणीला आलेल्या समितीने विचारलं की सगळ्यांना पस्तीसच कसे? गुणदानाला निकष हवेत. प्राचार्यांनी मला निकष बनवायला सांगितलं. ते मीच बनवले, हे आधीच कबूल करतो. मुखपृष्ठ व बांधणी, पाच गुण. स्वतःचं मूळ काम असल्याचं प्रमाणपत्र, पाच. अनुक्रमणिका, पाच. टंकलिखित मजकूर, दहा. संदर्भसूचीत किमान पाच संदर्भ, दहा. एवढं झाल्यावर पाच गुण उरले. त्यांचं काय करावं ते कळेना, म्हणून ते आशयाला दिले. आशयाचे पाचपैकी पाच मी सगळ्यांना देत असे. न वाचता कुणाचा एक गुण तरी कसा कापायचा, एवढा प्रामाणिकपणा माझ्यात होता.

होळीच्या आसपास प्रकल्प जमा झाले. सर्पिल बांधणीच्या त्या थप्पीत एक दोनशे पानी वही होती, खाकी कागद लावलेली, हाताने लिहिलेली. 'धसईच्या बाजारातील रानभाज्या'. ती लिहिणारी मुलगी धसईच्या पलीकडच्या डोंगराखालच्या पाड्यातली, वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी. जूनपासून ती दर बाजाराला आपल्या आत्याशेजारी बसली होती. आत्या रानातून भाजी आणून विकते. कुठली भाजी कुठल्या आठवड्यात येते, किती दिवस टिकते, कोण कुठून घेऊन येतं, कशी शिजवतात, हे सगळं तिने लिहिलं होतं. असं मी आता, नंतर वाचून, सांगतो. तेव्हा मी फक्त निकषांचा तक्ता पुढे घेतला. बांधणी नाही, शून्य. प्रमाणपत्र नाही, शून्य. अनुक्रमणिका आहे, पाच. टंकलिखित नाही, शून्य. संदर्भ एकच, 'माझी आत्या', त्याचे दयेने दोन. आशय, पाच. बेरीज बारा. अंतर्गतमध्ये स्वतंत्रपणे पास व्हायला सोळा लागतात. कोल्हापूरच्या उसाला अडतीस मिळाले आणि धसईची भाजी चार गुणांनी नापास झाली.

यादी फळ्यावर लागली त्या दिवशी ती वर्ग सुटल्यावर आली. तिचं शेवटचं वर्ष होतं. ज्या आश्रमशाळेत ती शिकली तिथेच शिक्षिका व्हायचं, हे तिने पहिल्या वर्षीच्या ओळख-परेडमध्ये सांगितलेलं मला आठवत होतं. त्यासाठी बी.एड., आणि बी.एड.साठी यंदाच पदवी, तीही कुठलाही विषय न राहता. पाड्यावर तिच्यासाठी अजून एक वर्ष थांबायला कुणी तयार नव्हतं. लग्नाचं बोलणं सुरू होतं आणि पदवी झाली तरच ते थांबणार होतं. हे तिने रडत वगैरे सांगितलं नाही. एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं. मग म्हणाली,

"सर, शेवळांत काकडं टाकायची लिवलं नाय मी, त्याचेच कापलेत ना? वही देऊन घरी गेले तवा आत्या बोलली."

आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. शेवळं ही पावसाच्या तोंडाशी रानात उगवणारी भाजी. चवीला फार छान, पण तशीच शिजवली तर घसा खाजून खाजून जीव नकोसा होतो. तिच्यात काकड नावाच्या झाडाची आंबट फळं टाकावी लागतात, मग ती खाज जाते. बाजारात बाया शेवळांच्या जुडीबरोबर ती मूठभर काकडं देतातच. मी जन्मभर शेवळं खाल्ली आहेत. वहीतलं ते पान वाचलं असतं तर चूक मला एका ओळीत दिसली असती.

मी म्हणालो, "हो, तेही एक कारण आहे."

तिने मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट एक प्रकारचं समाधान होतं, की सरांनी इतकं बारकाईने वाचलं. त्या चेहऱ्याकडे बघून मला स्वतःची लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून खरं बोलायला हवं असं काही मला वाटलं नाही.

परीक्षा विभागातल्या भाऊसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, गुण पोर्टलवर गेले, आता वाढवायचे तर प्राचार्यांच्या समितीपुढे कारण द्या. मी विचारलं, कारण काय देऊ? ते म्हणाले, तुमचा तक्ता चुकला असं लिहून द्या. जूनमध्ये मला पुन्हा बोलवायचं की नाही हे ज्यांच्या हातात होतं, त्यांनाच मी बनवलेला तक्ता चुकला असं लिहून देण्याइतका मी शूर नव्हतो. मग त्यांनी दुसरी वाट दाखवली. नियमात पुनर्सादरीकरणाचा पर्याय आहे, दोन दिवसांत नवा प्रकल्प द्या, नवे गुण चढवू.

मी तिला तसं सांगितलं. हीच वही टाइप करून घे, बांधून घे, चार पुस्तकांची नावं संदर्भात घाल. "आणि काकडं पण घाल," हेही मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं.

ती वही घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेली. तो म्हणाला, दोनशे पानं, हातचं अक्षर, टायपिंगला आठवडा लागेल. परवा द्यायचं आहे म्हटल्यावर त्याने वही ठेवून घेतली आणि मागच्या फळीवरून ऊस काढून तिच्या हातात दिला. वर म्हणाला, सगळ्यांचा चालतो.

दुसऱ्या दिवशी ती पंचगंगेकाठचा ऊस माझ्या टेबलावर ठेवून उभी राहिली. मुखपृष्ठ चकचकीत होतं, संदर्भ नऊ होते. पहिल्या पानावर 'हे माझे स्वतःचे मूळ काम आहे' याखाली तिने सही केली होती. त्याखाली 'प्रमाणित' म्हणून माझी जागा होती. तिने विचारलं, "सर, करू ना असं?" मी सही केली. चाळीसपैकी अडतीस. ती पास झाली, सगळे विषय सुटले, बी.एड.ला नंबर लागला. लग्नाचं बोलणंही थांबलं. उसाने एका मुलीचं भलं केलं, हे आमच्या भागात पहिल्यांदाच घडलं असावं.

वही झेरॉक्सवाल्याकडेच राहिली. त्याने ती सावकाश टाइप केली. गिऱ्हाईक नसताना माणूस काहीतरी करणारच.

पुढच्या होळीला थप्पी आली तेव्हा ऊस मागे पडला होता. बावीस प्रकल्प 'धसईच्या बाजारातील रानभाज्या'. झेरॉक्सवाल्याने संदर्भसूचीत चार पुस्तकं घातली होती आणि पाचवा संदर्भ जसाच्या तसा ठेवला होता: 'माझी आत्या'. किन्हवलीच्या मुलाची, आटगावच्या मुलीची, मुरबाडच्या सोनाराच्या पोराचीही तीच आत्या. मला हसू आलं. मी निकषांचा तक्ता घेतला आणि बावीस जणांना अडतीस-अडतीस दिले. आशयाचे पाचपैकी पाच.

नेमकी त्याच दुपारी ती आली. बी.एड.चं वर्ष चालू होतं, कुठल्याशा दाखल्यावर शिक्का हवा होता. शिक्का मारणारे जेवायला गेले होते, म्हणून ती माझ्यासमोर बसली. टेबलावर थप्पी होती. सगळ्यात वरचं नाव वाचून तिने ती प्रत उचलली. मला वाटलं चिडेल, आपलं काम चोरलं म्हणेल. मी मनात त्यावरची वाक्यंही तयार केली, झेरॉक्सवाल्याला दोष देणारी.

ती शांतपणे पानं उलटत गेली. एका पानावर थांबली. मग दुसरी प्रत घेतली, तेच पान काढलं. मग तिसरी. मग पहिल्या पानावरचा माझ्या अक्षरातला तक्ता पाहिला.

"सर, यात काकडं राहिलेलीच हायत," ती म्हणाली. "मग यांना पाचातले पाच कसे?"

डोक्यावर पंखा फिरत होता आणि खाली एसटीवाला घंटी मारत होता. खोटं बोलायला मला अजून एक संधी होती आणि दोन-तीन वाक्यं जिभेवर आलीही होती. पण ती ज्या विश्वासाने वर्षभरापूर्वी मान हलवून गेली होती, तो विश्वास अजून तिच्या चेहऱ्यावर थोडा शिल्लक होता, आणि मला त्याचं ओझं झालं. मी म्हणालो, "मी वाचलंच नव्हतं. तुझंही नाही आणि यांचंही नाही. तुला बारा मिळाले ते टायपिंग आणि बांधणी नव्हती म्हणून. आशयाचे तुलाही पाच दिले होते."

तिने खाली बघून नखाने टेबलाचा रंग खरवडला. माझ्या एका खोट्या 'हो'मुळे तिने पूर्ण वर्ष असं मानलं होतं की आपण खरंच चुकलो होतो आणि कुणीतरी ते नीट वाचून दाखवून दिलं होतं. आता तेही गेलं.

"लाल पेन हाय का सर?" तिने विचारलं.

मी दिलं. तिने बाही वर केली आणि पहिल्या प्रतीच्या त्या पानावर समासात लिहिलं, 'काकडं टाकावीत. नाहीतर घसा खाजतो.' मग पहिल्या पानावर येऊन आशयाच्या पाचावर काट मारून चार केले. बेरीज सदतीस केली. दुसरी प्रत घेतली.

"एकच कापते," ती म्हणाली. "नापास नको करायला. पोरांनी वाचलं नाय, पण वाचायला कोणी सांगितलं पण नाय."

शिक्का मारणारे जेवून आले, खुर्चीत बसले, तिच्या नावाने हाक मारली. ती म्हणाली, आले, थोडं राहिलंय. बावीसही प्रती होईपर्यंत उठली नाही. पाच वर्षांत माझ्या टेबलावर अंतर्गत मूल्यमापन झालेलं मी तेवढंच पाहिलं.

मग तिने थप्पी माझ्याकडे सरकवली आणि खोडलेल्या प्रत्येक आकड्याशेजारची मोकळी जागा बोटाने दाखवली. खाडाखोड केली की परीक्षकाची सही लागते, असा नियम आहे. तोही मीच वर्गात शिकवला होता. मी पहिली प्रत उघडली, शेवळांचं पान शोधलं, आधी ते पूर्ण वाचलं आणि मग सही केली. ती समोर बसून बघत होती, म्हणून दुसऱ्या प्रतीतलंही तेच पान वाचलं.