वंदनाचा पट्टा आवळताना

वंदनाच्या भावाचा अकोल्याहून फोन आला तेव्हा मी मशीनवर तिच्याचसाठी नवा पट्टा शिवत होते. जुन्यापेक्षा चार बोटं रुंद, बरी होऊन आली की लागेल म्हणून. "ताई, वंदी गेली," एवढंच तो म्हणाला. मी वेड्यासारखी शिलाई पूर्ण केली, दोरा तोडला आणि मगच उठले. पाच आठवडे झाले. गावात लोक अजून हळहळतात, खेळाडू पोरगी होती, देवाने नेली म्हणतात. देवावर ढकलणं सोपं असतं. मला ते जमत नाही, कारण पट्टा मी आवळत होते.

सोयाबीनच्या ट्रॉलीवरून पडून वंदनाची कंबर मोडली, तेव्हापासून कमरेखाली तिला काही कळत नसे... चटका नाही, चिमटा नाही. दोन वर्षं ती घराबाहेर आली नाही. मग शाळेतल्या निवृत्त खेळाच्या सरांनी तिला बसून गोळा फेकायला शिकवलं आणि अकोल्याकडच्या शिरपुरातली आमची अख्खी आळी कामाला लागली. शेजारच्या मालेगावच्या वेल्डरने लोखंडी खुर्ची करून दिली, शेजाऱ्यांनी दारापुढे सिमेंटचा उतार केला, आणि मी, तिची शाळेपासूनची मैत्रीण, शिवणकाम करणारी, म्हणून पट्टे माझ्याकडे आले. फेकताना बूड सीटवरून उचललं की फेक बाद. त्यासाठी मांड्यांवरून पट्टा घट्ट बांधायचा. रोज सकाळी मी खुर्चीला गुडघा टेकवून ओढायची आणि ही ओरडायची, "अजून आवळ ना वं! जेवली नाही काय?" जिल्ह्यात पहिली आली तेव्हा बसस्टँडवर हार, बॅनर, पेढे. दिसेल तो विचारायचा, किती लांब फेकला? दुसरं काही विचारायचं असतं हे आमच्या गावीही नव्हतं.

राज्यस्पर्धेला महिना उरला असताना खुर्चीच्या गादीवर डाग दिसला. पिवळसर, कडेला तांबूस. "पाळी आहे," ती म्हणाली आणि मी मान हलवली. मग संध्याकाळी ती तापाने फणफणू लागली, तरी सकाळी मैदानावर हजर. एक दिवस अत्तर लावून आली. मी चिडवलं, "कोणासाठी वं?" ती हसली, पण माझ्याकडे न बघता. अत्तराखालून एक वास यायचा... मला तो येत होता. माश्या तिच्याच खुर्चीभोवती घोंगावतात, तेही दिसत होतं. शेवटी म्हणाले, "वंदे, मले दाखव." तिने माझं मनगट धरलं.

"मायले समजलं तं माहं फेकणं बंद. पुन्हा त्याच खोलीत पडून राहू काय? एवढी स्पर्धा होऊ दे, मंग दाखवतो."

मी त्या दिवशीही पट्टा आवळला. राग आला होता म्हणून जरा जास्तच.

स्पर्धेत तिने आजवरचा सगळ्यात लांब गोळा फेकला. टाळ्या वाजत होत्या आणि तिचे दात वाजत होते. परतीच्या जीपमध्ये भर उन्हात म्हणाली, "शोभे, थंडी वाजून राह्यली मले." जीप तशीच अकोल्याला नेली. नर्सने तिला कुशीवर वळवलं तेव्हा मी पलंगाशी उभी होते. बुडाशी, सीट टेकते तिथेच, तळहात मावेल एवढी जखम, आणि आत पांढरं काहीतरी. ते हाड होतं हे मला नंतर कळलं. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "रोज आरशात अंग पाहायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं का?" सांगितलं होतं. अपघातानंतर घरी सोडतानाच सांगितलं होतं, की जिथे कळत नाही तिथे डोळ्यांनी बघायचं. तेव्हा तिच्या आईने, मी त्यांना मावशी म्हणते, "आरसा हाये घरी," असं उत्तरही दिलं होतं. त्यानंतर ती नऊच दिवस होती.

परवा मावशींनी तिचे कपडे आवरायला बोलावलं. खोलीत मी एकटीच होते. तिच्यासाठी फोडून सपाट केलेला उंबरा, खाली आणलेली दिव्याची बटणं, हाताशी लावलेली कपड्यांची दांडी, सगळं जागच्या जागी. आरसा दाराशेजारी जुन्याच खिळ्याला. समोर उभी राहिले तर माझा चेहरा बरोबर मधोमध आला. मग मी तिच्या व्हीलचेअरमध्ये बसले आणि वर पाहिलं.

आरशात छताचे पत्रे दिसत होते.