काकूची नथ आणि फळीवरचं मांजर

काल दुपारी नातीनं मोबाईलवर मांजरांची कार्टुनं दाखवली. एक बाई मांजराला केरसुणीनं हाकलते आणि पुढच्याच चित्रात त्यालाच कुशीत घेऊन झोपते... मी एवढी हसले की कवळी काढून ठेवावी लागली.

मग डोळ्यांना पाणी आलं. नात म्हणाली, आजी, कार्टूनला कोण रडतं गं? म्हटलं थांब, लिहूनच टाकते. तीन यत्ता शिकलेलं माझं, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

भिंगारची गोष्ट, आम्ही तिथे राहायचो तेव्हाची. लढाई चालू होती, मी आठेक वर्षांची असेन. आमच्या दारासमोर रहीमचाचांचं शिंप्याचं दुकान. लष्कराच्या कॅम्पातले खाकी कपडे शिवायचे, दिवसभर मशीनची खडखड.

दुकानाला तेव्हा शटर कुठलं... लाकडी फळ्या असायच्या. सकाळी काढायच्या, रात्री लावायच्या. त्यातली एक फळी चाचा बाहेर टेकवून ठेवायचे आणि कापडावर खुणा करायच्या खडूनं तिच्यावर चित्र काढायचे. चित्र एकाच विषयाचं. आमची काकू आणि तिचं मांजर.

काकू म्हणजे माझी धाकटी चुलती. मांजराचं नाव मनी, पण काकू तिला सटवी म्हणायची. पुढच्या दारानं लाटणं घेऊन मागं धावायची आणि मागच्या दारी वाटीत दूधभाकरी कुस्करून ठेवायची. चाचांनी तेच काढलं होतं, एका अंगाला लाटणं, दुसऱ्या अंगाला वाटी. सगळी गल्ली हसली.

काकू बादली घेऊन यायची आणि फळीवर पाणी ओतायची. चाचांशी ती कधी बोलायची नाही, निरोप माझ्याकडे असायचा. "सांग तुज्या चाचाला, मला चितारायला मी काय देवळाची भित हाय?" मी सांगायची. चाचा मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी नवीन चित्र.

आता एक सांगायचं राहिलं. काकूला मूल नव्हतं. दोनदा दिवस गेले होते, दोन्ही वेळा राहिलं नाही. गल्लीत कुणाचं डोहाळजेवण असलं की पुरण काकूच घालायची, तिच्या हाताला चव होती... पण ओटी भरायची वेळ झाली की आपणहून उठून चुलीपाशी जाऊन बसायची. तिनं ओटी भरू नये, असं तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. म्हणावंच लागत नव्हतं.

तर एक दिवस मनीनं तुपासाठी साठवलेली सगळी साय खाल्ली. काकूचं डोकं फिरलं. मनीला पोत्यात घातलं आणि तिसगावच्या बाजाराला निघालेल्या गाडीवाल्याच्या हवाली केलं. म्हणाली, लांब सोड, वास काढत परत यायला नको.

तासाभरात फळीवर चित्र. बैलगाडीत मनी बसलेली, शेपटी वर, पोट हे एवढं. काकू बादली घेऊन आली आणि थबकली. मला म्हणाली, इचार त्याला, एवढी फुगलेली का काढली.

चाचांच्या ओठात टाचण्या होत्या. त्या काढून ते हळू म्हणाले, "पोटुशी हाय ती. काकूला ठाव न्हाई व्हय?"

बादली तिथंच राहिली. डोक्यावरचा पदर ढळू न देणारी आमची काकू, पण त्या दिवशी अनवाणी नाक्यापर्यंत पळाली. नशीब, गाडीवाला बैलांना पाणी पाजत थांबला होता. परत आली ती पोतं कमरेवर घेऊन... लेकरू घेतात तसं. कोपऱ्यात आपलं जुनं लुगडं अंथरलं आणि मनीला त्यावर ठेवलं.

पुढं काही दिवस फळी कोरीच होती. आणि मग एका सकाळी चित्र आलं.

मनी पाटावर बसलेली. अंगावर हिरवं लुगडं, तेही खरं... कुणाच्या तरी चोळीच्या खणाची चिंधी चाचांनी खळीनं चिकटवली होती. आणि पुढं काकू, हातात नारळ. मनीची ओटी भरणारी.

त्या दिवशी कुणी हसलं नाही. बायका दारातच उभ्या राहिल्या. चाचांची बायको आतून म्हणत होती, पुसा ते, तिच्या जखमेवर बोट ठेवलंत तुम्ही. चाचांनी मशीन थांबवलं होतं.

काकू बादली घेऊन बाहेर आली. तिनं बादली खाली ठेवली आणि चित्राजवळ जाऊन बघितलं.

मग चाचांकडे वळली. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे.

"भाऊ, नथ काढायची राहिली की. बिननथीची कुनी ओटी भरतं व्हय?"

चाचा खडू घेऊन उठले. फळीसमोर बसले आणि काकूच्या नाकात नथ काढली. मोती जरा वाकडे आले. काकू म्हणाली, असूद्या, शोभतीय.

ती फळी चाचांनी परत दुकानाला लावलीच नाही. रात्री त्या जागी पोतं टांगायचे. मनीला पिल्लं झाली, त्यातलं एक मी घेतलं. आणि पुढं आमच्या थोरल्या बहिणीचं डोहाळजेवण होतं, तेव्हा आई चुलीपाशी गेली आणि काकूला हाताला धरून बाहेर घेऊन आली. म्हणाली, पहिली ओटी तुम्ही भरा.

आजची कार्टुनं काढणाऱ्या पोरांनो, तुमचं भलं होवो, म्हातारीला हसवलंत. मांजर छानच काढता तुम्ही... पण मी आपली आधी त्या बाईच्या नाकाकडे बघते.