दोऱ्याने बांधलेली लेन्स

अंगात येणाऱ्या बायकांना मी तोंडावर ढोंगी म्हणत आले. तेव्हा हे वाचून कुणी मला अंगारा आणून देऊ नये. मी चौथी शिकले, पण कॅमेरा मला कळतो.

वऱ्हाड मध्य प्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. खामगावात माझ्या वडिलांचा, आबांचा, फोटो स्टुडिओ होता. आबांना मोतीबिंदू झालाय, हे आम्ही लपवून ठेवलं होतं. कापसाच्या जिनिंगवाल्या शेठना नव्या मोटारीचा पळता फोटो हवा होता... आबांचे दोन्ही फोटो धुरकट आले.

"आता तशीच आली माही गाडी," शेठ म्हणाले, "त पोरीच्या लग्नाले अकोल्याचा फोटोवाला बोलावतो."

शेठ गेले की मागोमाग सगळं गाव जाणार, स्टुडिओ बंद.

"मी काढीन, आबा," मी म्हटलं.

सकाळी दहाला शेगावच्या रस्त्यावर कॅमेरा लावला. पळत्या गाडीवर फोकस करायला वेळ नसतो. म्हणून गाडी जाईल तिथे आधी दगड ठेवायचा, त्यावर फोकस करायचा, चाक दगडाशी आलं की बटण दाबायचं. दगड पंचवीस पावलांवर ठेवला. लेन्सचं फोकसचं कडं हलू नये म्हणून आबांसारखंच दोऱ्याने बांधून गाठ मारली.

शेठ गाडीतूनच हसले. "पोरगी काढून राह्यली? काऊन आबा, हात मोडले का तुमचे?"

"तुम्ही गाडी पळवा, शेठजी," मी म्हटलं.

ड्रायव्हर करीमचाचांनी गाडी सुसाट सोडली. मधे बकरी आली. चाचांनी चाक फिरवलं – गाडी थेट माझ्याकडे! मी हलले नाही. आठ पावलांवर असताना बटण दाबलं.

"बेटी, मरना है क्या?" चाचा ओरडले.

"गेला फोटो!" शेठ गाडीतून उतरत म्हणाले. खरंच होतं ते. फोकस पंचवीस पावलांवर, गाडी आठ पावलांवर.

दुपारी फोटोची काचेची प्लेट धुतली. चाचांच्या मिशीचा केस न केस मोजून घ्यावा, इतकी गाडी स्वच्छ! मागचा दगड मात्र धुरकट. कॅमेरा पाहिला. दोरा तसाच, गाठ तशीच, कडं पंचवीसच्याच खुणेवर. जवळ माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आबा लांब, लिंबाखाली बसलेले.

"गाठ कोणं सोडली?" आबांनी विचारलं.

"कोणंच नाही."

शेठनी फोटो उजेडात नेऊन पाहिला. मग म्हणाले, "लग्नात फोटो काढाले हेच पोरगी पाह्यजे."

त्या दिवशी कडं कुणी फिरवलं, मला आजही सांगता येत नाही. लग्नात मात्र प्रत्येक फोटोला ते मीच फिरवलं – सगळ्या वऱ्हाडासमोर – आणि एकही धुरकट आला नाही.