गुलाबच्या वाट्याचा पास्ता

बातमीदाराचं जे छापून येतं ते रद्दीत जातं आणि जे छापता येत नाही ते डोक्यात साठत राहतं. माझ्याकडे असं बरंच साठलंय. ठेकेदारांचं आहे, पुढाऱ्यांचं आहे, दोनतीन मोठ्या साहेबांचंही आहे. पण हल्ली चार माणसं जमली की मला एकच विचारतात, "नाना, ते भांड्याचं सांगा ना."

मला राग येतो. बायकांना डाकीण ठरवून गावाबाहेर काढणाऱ्यांची नावं मी छापली. अंगात आणणाऱ्यांवर लिहून घरापर्यंत शिव्या खाल्ल्या. आणि लोक मला भांड्याचं विचारतात. पण तिथे मी होतो, हे खरं. तेव्हा घडलं तसं सांगतो. अर्थ मला विचारू नका.

*

आमचं ऑफिस नंदुरबारला, स्पेअर पार्टच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. माणसं चार. एक मी. दुसऱ्या वंदनाताई, त्या पानं लावतात. तिसरे बापू, म्हसावदचे, घरची बागायत, ऑफिसात जाहिराती बघतात आणि जगातल्या प्रत्येक वस्तूवर अहिराणीत मत देतात. चौथा गुलाब, तळोद्याच्या वरच्या डोंगरातला. घरी पावरी बोलायचा, पण बातमी आमच्यापेक्षा शुद्ध मराठीत लिहायचा. सातपुड्यातलं सगळं वार्तांकन त्याचं.

वंदनाताईंना सुरतच्या बहिणीनं स्लो कुकर दिला. घरी सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर आपोआप शिजणार असेल तर सून कशाला आणली?" म्हणून तो ऑफिसात आला.

बापूंनी त्याला चारही बाजूंनी बघितलं. आत जाड चिनी मातीचं भांडं, वर काचेचं झाकण, खाली एक बटण.

"कुकर शे आनि सिट्टी नही? मंग शिजनं ते कोण सांगी?"

"कोणी सांगायचं नाही, बापू. वाट बघायची."

वंदनाताईंनी पहिल्याच दिवशी चीजचा पास्ता लावला. भांड्याला आतून लोणी. मग कच्च्याच नळ्या, टोमॅटोचा रस, लसूण, दूध, किसलेल्या चीजचा अर्धा भाग. उरलेलं चीज वरून गोधडीसारखं पसरलं. झाकणाखाली कोरडं फडकं ताणून बसवलं, वाफेचं पाणी चीजवर पडू नये म्हणून. आणि नियम सांगितला: मध्ये कोणी झाकण उघडायचं नाही.

संध्याकाळी उघडलं तर कडेनं चीज तांबूस, खरपूस. बापूंनी तीनदा वाढून घेतलं आणि म्हणाले, "आते हाऊ कुकर समजना माले."

*

गुलाबची एक सवय होती. कुठेही जेवायला बसला की पहिला घास बाजूला ठेवायचा. डोंगरात तशी पद्धत आहे, घरातल्या गेलेल्या म्हाताऱ्यांचा तो वाटा. भाकरीचा तुकडा असो की वडापाव, तो काढायचाच. ऑफिसात तो घास खिडकीत ठेवायचा.

त्या दिवशी त्यानं खिडकीत चीज ओघळणाऱ्या दोन नळ्या ठेवल्या. बापूंना राहवलं नाही.

"का रे गुलाब, तुन्हा म्हातारासले ह्या नळ्या चालतीन का?"

गुलाब शांतपणे म्हणाला, "तिखट असल्या तर चालतील. फिकं नाही खात ते."

पुढच्या वेळेपासून वंदनाताईंनी त्यात नंदुरबारची जाडसर कुटलेली लाल मिरची घालायला सुरुवात केली. मूठभर. डोळ्यांतून पाणी यायचं.

खिडकीतला घास मात्र दुसऱ्या दिवशी नसायचा. कावळा म्हणाल, तर खिडकीला बाहेरून बारीक जाळी आहे. उंदीर म्हणाल, तर लेंडी दिसत नव्हती. इतकं चीज सांडूनही तिथे कधी मुंगी आली नाही. हे मी तेव्हा कोणाला बोललो नाही.

*

एकदा शनिवारी कुकर लावला आणि लावल्या लावल्या वीज गेली. गेली ती गेलीच. मी वीज कंपनीच्या माणसाला फोनवर झोडपलं. ऑफिसात बसून राहिलो, बातम्या हातानं लिहिल्या.

संध्याकाळ व्हायला आली. वंदनाताई म्हणाल्या, "टाकून द्यावं लागेल. दूध नासलं असेल." झाकणाला हात लावला आणि हात झटकला. झाकण पोळत होतं.

आत पास्ता शिजून तयार होता. कडा खरपूस.

मी पुन्हा फोन केला. "तुम्ही म्हणता लाइन बंद आहे. मग आमच्याकडे शिजलं कसं?"

"नाना, तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल."

"असता तर माझा कॉम्प्युटर नसता का चालला?"

तो माणूस मग म्हणाला, "नाना, सगळ्या गल्लीत वीज नाही. मी खांबाखालीच उभा आहे."

आम्ही तिघं भांड्याकडे बघत राहिलो. गुलाबनं पहिला घास काढला, खिडकीत ठेवला. "म्हाताऱ्यांना भूक लागली असेल," एवढंच म्हणाला.

*

आमच्या ऑफिसची एक रीत आहे. जो बाहेर बातमीला गेला असेल, त्याचा वाटा त्याच्या नावानं राहतो. कितीही उशिरा येवो. डोंगरात गेलेल्या गुलाबसाठी वंदनाताई भांड्याच्या डाव्या बाजूचा, खरपूस कडेचा भाग तसाच ठेवायच्या.

मिरच्यांचा हंगाम होता. शहराबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत होती, हवेनं ठसका लागायचा. गुलाब एका रस्त्याच्या बातमीला गेला. कागदावर तो रस्ता डोंगरातल्या पाड्यापर्यंत पोचला होता. तळोद्याहून तो जीपनं वर गेला. जीपवाल्यानं त्याला रस्ता संपतो तिथे सोडलं, आणि गुलाब पुढे पायी निघाला.

तो परत आला नाही.

आधी आम्ही काळजी केली नाही, वर नेटवर्क नसतंच. मग केली. मी तळोद्याला गेलो, वर गेलो, पाड्यांवर विचारलं. कोणी बघितला नव्हता. पोलिसातला साहेब चहा पीत म्हणाला, "नाना, गेला असेल गुजरातमध्ये मजुरीला. ही माणसं जातातच."

"त्याच्या खिशात प्रेसचं कार्ड आहे साहेब, कोयता नाही. त्याला शोधा."

आरडाओरडा केल्यावर शोधायला माणसं निघाली.

वंदनाताईंनी मात्र एक वेगळंच सुरू केलं. आधी पास्ता फक्त शनिवारी व्हायचा. आता त्या रोज सकाळी, दुपारच्या जेवणासाठी लावू लागल्या. "येईल तेव्हा गरम मिळालं पाहिजे." बापू कुरकुरत खायचे, "ह्या नळ्यासमुये मी कळण्यानी भाकर इसरी गऊ." पण डाव्या बाजूला हात लावायचे नाहीत.

आणि एका संध्याकाळी वंदनाताईंनी झाकण काढलं तर डावी बाजू रिकामी.

त्यांनी बापूंकडे बघितलं. बापू उठूनच उभे राहिले. "मन्हा मायनी आन, ताई. मी नही खादं."

*

मी बातमीदार आहे. मला साक्षीपुरावा लागतो. दुसऱ्या दिवशी आमचं जेवण झाल्यावर गुलाबचा वाटा भांड्यात ठेवला आणि झाकणावरून खालपर्यंत कागदाच्या पट्ट्या डकवल्या. मतपेटीला लावतात तसं सील. पट्ट्यांवर माझी सही, बापूंची सही. मग त्याच टेबलासमोर खुर्ची टाकून बातम्या लिहीत बसलो. दुपारभर हललो नाही. ऊन खिडकीतून आत आलं, भांड्यावरून सरकलं, भिंतीवर गेलं.

एकदाच काहीतरी झालं. झाकणावर आतून वाफ धरली होती. त्या वाफेत हळूहळू एक गोल जागा स्वच्छ झाली. कोणी आतून तोंड जवळ आणावं तशी. मग पुन्हा धुरकट झाली.

संध्याकाळी सगळ्यांसमोर सील तपासलं. कागद कुठेही फाटला नव्हता. सह्या जुळत होत्या. झाकण काढलं.

डावी बाजू रिकामी होती. कडेच्या चीजमध्ये चार बोटांच्या खुणा होत्या, घास ओढून घेतल्यासारख्या.

बापू म्हणाले, "नाना, हाई बातमी छापू नको भो. आपले कोणीच जाहिरात देवाव नही."

*

गुलाबची बायको सुमित्रा ऑफिसात आली ती तिच्या मोठ्या दिराबरोबर. दीर म्हणत होता, गावातले म्हातारे आता विधी करून टाका म्हणतात. माणूस मिळाला नाही तरी विधी करावा लागतो, नाहीतर तो भटकत राहतो. सुमित्रा म्हणत होती, नाही.

"तो आहे," ती म्हणाली. "मी रोज त्याची भाकर झाकून ठेवते. सकाळी तशीच असते, वाळलेली. तरी मी ठेवते."

वंदनाताईंचा चेहरा बदलला. त्यांना लपवता येत नाही. त्यांनी भांड्याचं सांगून टाकलं.

सुमित्रानं झाकण उघडायला लावलं. रिकामी डावी बाजू बघितली, बोटांच्या खुणा बघितल्या. मला वाटलं, रडेल. ती चांगलीच भडकली.

"म्हणजे घरची भाकर खात नाही, आणि तुमच्या नळ्या खातो?"

पण जाताना दिराला म्हणाली, "बघितलं ना? विधी होणार नाही."

*

मग मुख्य ऑफिसातून संपादकांचा फोन आला.

"नाना, गुलाबची श्रद्धांजली उद्याच्या अंकात घेऊ. फोटो पाठवा, चार ओळी लिहा."

"माणूस सापडला नाही अजून."

"भावनिक होऊ नका. इतक्या दिवसांनी कोण सापडतं?"

"साहेब, आपण छापलं की पोलिसांचा शोध थांबला. आपल्याच पेपरचं कात्रण ते माझ्या तोंडावर टाकतील. जिवंत माणसाला फोटोत टांगायची एवढी घाई कोणाला आहे? त्या रस्त्याच्या ठेकेदाराला?"

फोन बंद झाला. मग हुकूम थेट वंदनाताईंना आला: चौकट करा, फोटो लावा.

त्यांना ते करावंच लागलं. एका हातानं पास्ता लावत होत्या, दुसऱ्या हातानं गुलाबच्या फोटोभोवती काळी चौकट ओढत होत्या. मजकुराची जागा कोरी होती. ती मी भरायची होती, आणि मी लिहीत नव्हतो.

दुपारी जेवायला बसलो. बापूंनी एक घास घेतला आणि थांबले. "ताई, आज फिकं शे."

वंदनाताईंनी खाऊन बघितलं. "मिरची राहिली," म्हणाल्या. "माझं लक्षच नव्हतं."

कोणाचंच नव्हतं. गुलाबचा वाटा डावीकडे ठेवला आणि झाकण लावलं.

संध्याकाळी झाकण काढलं तेव्हा वाटा तिथेच होता. कडेचा एक घास तेवढा गेलेला. बाकी सगळं जसंच्या तसं, वरचं चीज थंड होऊन आवळलेलं.

वाटा जाग्यावर होता हे बघून आम्हाला जी भीती वाटली, ती तो रोज नाहीसा होताना कधी वाटली नव्हती.

वंदनाताई खाली बसल्या. "नाना, आज त्यानं खाल्लं नाही. संपलं."

बापू भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ज्या माणसानं या सगळ्याचा सील लावून पुरावा मागितला होता, म्हणजे मी, तो कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला आणि त्या कोऱ्या जागेत लिहायला लागला. 'आमचे सहकारी' एवढं लिहून झालं होतं.

फोन वाजला. तळोद्याच्या सरकारी दवाखान्यातून होता. डोंगरातून बांबूच्या झोळीत घालून एका माणसाला आणलंय, खिशात तुमच्या पेपरचं कार्ड आहे. पाय मोडलाय. बोलतोय.

मी ते दोन शब्द पुसले आणि वंदनाताईंनी चौकट काढली.

*

दुसऱ्या दिवशी सगळे तळोद्याला गेलो. सुमित्रा आधीच पोचली होती, भाकर दुधात कुस्करून त्याला भरवत होती. एकेक घास असा देत होती की मी बघते कसा खात नाहीस.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "नाना, हा इतके दिवस एकटा दरीत पडून होता म्हणता. पण हा उपाशी माणूस नाही."

गुलाब सगळं सांगत होता. जिथे रस्ता असायला हवा होता तिथे कडा होता. तिथून तो घसरून खाली नाल्यात पडला. पाणी बाजूलाच झिरपत होतं. उठता येत नव्हतं. हाक मारायला आवाज उरला नव्हता.

"मग खाल्लं काय?" मी विचारलं.

"एक म्हातारा यायचा, नाना. रोज दुपारी. आमच्याच बोलीत बोलायचा, पण जुन्या वळणाची. पळसाच्या पानावर घेऊन यायचा, गरम. आधी मला द्यायचा, मग उरलेलं स्वतः खायचा. मला वाटलं, तापात भास होतोय."

"काय आणायचा?"

गुलाब जरा हसला.

"काल मात्र त्यानं पहिला घास स्वतः घेतला. तोंड वाकडं केलं. पान घेऊन तसाच उठला आणि चालायला लागला. मी घाबरलो, नाना. हा गेला तर मी मेलो. होता नव्हता तो जीव काढून ओरडलो, थांबा म्हणून. तो थांबला नाही. पण वर लाकडं तोडणाऱ्या बायका होत्या, त्यांनी ऐकलं."

 सुमित्राचा हात घास धरून तसाच राहिला होता.

गुलाबनं मान वळवून वंदनाताईंकडे बघितलं.

"ताई," तो म्हणाला, "काल मिरची घालायची राहिली का?"