जनामावशीची साखर

"हा माझा चोंबडा," दंडावरच्या चकतीवर बोट ठेवून जनामावशी पाहुण्यांना सांगायची. "मी काय खाल्लं ते लगेच पोराला सांगतो."

विचुंबे गावात, पूर्वी तिची भातशेती होती तिथे उभ्या राहिलेल्या इमारतीत आमची दारं समोरासमोर होती. नवरा कधीच गेलेला, एकुलता मुलगा नितीन बंगळुरूला नोकरीला. मावशीला मधुमेह, रोज इन्सुलिन घ्यावं लागे. नितीननंच ती रुपयाएवढी चकती आणून दंडावर चिकटवली होती. साखरेचा आकडा मावशीच्या मोबाइलमधून थेट त्याच्या मोबाइलवर जायचा.

मावशीला त्याचं फार नवल. "सुई नाय, रक्त नाय. मी हितं पेढा खाल्ला की तिकडं त्याचा फोन वाजतो. काय डोकं हाय माणसाचं!"

एरवी नितीनला फोन करायला सवड नसे. पण आकडा चढला की दहा मिनिटांत त्याचा फोन यायचा. "आई, काय खाल्लंस?" तो ओरडायचा आणि मावशी लाजल्यासारखी हसायची. हळूहळू तिच्या फ्रिजमध्ये पेढ्यांचा डबा कायमचा झाला. मी रागावले, तर म्हणाली, "अगं, गोडाची हौस कुणाला हाय? वरडतो तवा त्याचा आवाज कसा अगदी बापासारखा येतो."

पुढे नितीनलाही त्या आकड्यांची सवय झाली. फोनऐवजी मेसेज यायला लागला. 'आई, गोड बंद कर.' मावशीला वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवायची. ती नुसती "बरं" म्हणायची.

एका दुपारी नितीनचा फोन मला आला. "काकू, आईची साखर एकदम खाली गेलीय. फोन उचलत नाहीये. बघता का जरा?"

तिची किल्ली माझ्याकडे असायची. दार उघडलं तर मावशी जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली, घामानं चिंब. घाईघाईनं मी साखरेचं पाणी तिच्या ओठांना लावलं. घोट घोट करत तिनं ते संपवलं. ओट्यावर जेवण तसंच झाकलेलं होतं. इन्सुलिन घेऊन ती मुद्दाम उपाशी राहिली होती.

जरा भानावर आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "फोन आला त्याचा?"

बाहेर जिन्यात येऊन मी नितीनला सगळं सांगितलं, पेढ्यांपासून. दुसऱ्या दिवशी तो मावशीच्या दारात येऊन उभा राहिला आणि आठवडाभर राहिला.

परत गेल्यावर रोज संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येऊ लागला, आकडा काहीही असो. मावशी मोबाइल पाटाला टेकवून वाल सोलत बसायची आणि पलीकडे तो त्याचं काम करत असायचा. "काय बोलता गं एवढं?" मी विचारलं. "काय नाय," ती म्हणाली. "बोलायचं संपलं तरी तो फोन ठेवत नाय."

गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि मावशी गेली. दिवस झाल्यावर नितीन माझ्याकडे येऊन बसला.

"काकू, शेवटी शेवटी आम्ही काय बोललो ते आठवत नाही," तो म्हणाला. "बोलायचोच कमी. पण ती असायची."