नवीन पत्र: एक
सुक्या बांगड्यांचा वास आला की मला बांद्यातला आमचा सायबर कॅफे आठवतो. आरोंद्याची एक मासेवाली दर बाजाराला माशांची पाटी दाराबाहेर ठेवून आत यायची. तिचा मुलगा जहाजावर होता आणि चार महिने त्याची मेल आली नव्हती. त्यानं तिला उघडून दिलेला मेलबॉक्स मात्र 'नवीन पत्र: एक' दाखवायचा, उघडला की आत काहीच नसायचं. ही नुसती दाखवण्यातली चूक आहे, असं मी तिला सांगून पाहिलं. "एक आसा मां? मगे बरो आसा तो," म्हणून ती निघायची. मी हुशारीनं मेलच्या कंपनीला कळवलं. त्यांनी चूक दुरुस्त केली, माझे आभारही मानले. पुढच्या बाजाराला तिनं तिथं शून्य पाहिलं, बाहेर जाऊन पाटी उचलली आणि परत कधी आली नाही. आता पडद्यावर काही चुकीचं दिसलं, तरी मी कुणाला कळवत नाही.