मोराचा माठ

मुलगी दुसरीत गेली तेव्हापासून रविवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात विज्ञान चालतं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, पण घरात काचेच्या नळ्या वगैरे काही नाहीत. सालासकट संत्रं बादलीत टाकलं की तरंगतं, सोलून टाकलं की बुडतं, एवढ्यावर आमचा एक अख्खा रविवार जातो. नियम एकच. आधी अंदाज सांगायचा, मग करून पाहायचं आणि जे दिसेल तेच बोलायचं. पोरीनं हा नियम इतका मनावर घेतला की दूधवाल्यालाही ती "पाणी नाही टाकलं, तर दाखवा न काका" म्हणू लागली. मी तिला वरवर रागावायचे, मनातून मात्र खूश व्हायचे.

गेल्या उन्हाळ्यात हा नियम माझ्याच अंगावर आला.

माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणते आणि पोरगी आबाजी, नरखेडकडचा संत्र्याचा बगीचा ठोक्यानं दुसऱ्याला कसायला देऊन आमच्याकडे राहायला आले होते. फ्रिजच्या पाण्यानं त्यांचा घसा धरतो. म्हणून मी मार्चमध्येच माठ आणला आणि खिडकीपाशी ओल्या रेतीच्या घमेल्यात ठेवला. सुट्या लागल्यावर मी पेपर तपासायला कॉलेजात जात होते, तेव्हा एका दुपारी पोरीनं आबाजींसाठी गंमत केली. गेटला लावून उरलेला निळा ऑईल पेंट काढला, माठ रिकामा केला, बाहेरून पूर्ण रंगवला, वाळल्यावर दुसरा हात दिला आणि वर मोर काढला. मोराचे पाय कोंबडीचे होते, पण मोर छान होता.

रंगाचा वास गेल्यावर माठ पुन्हा भरला. मामाजी पहिला ग्लास प्यायले आणि म्हणाले, "वा! बर्फावाणी गार हाये."

मी प्यायले. कोमट. कोमटच असणार. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, हवेत उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. ती छिद्रंच तेलरंगानं बुजली होती. बाहेर ऊन असं की कूलरही हात टेकत होता, आणि हा म्हातारा माणूस रोज ते कोमट पाणी पिऊन "गार, गार" करत होता. नवरा बुटीबोरीहून, कामावरून घामाघूम होऊन येई, गुपचूप फ्रिज उघडी आणि मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगे. मीही राहिले. पोरगी आल्यागेल्याला माठ दाखवत होती. कोणत्या तोंडानं सांगायचं?

मग एका सकाळी तिनंच विचारलं, "आई, माठाखालची रेती कोरडी काहून आहे? आधी तर ओली राहायची."

मी तव्यावरची पोळी उलटत राहिले. मामाजी मागून आले आणि हळूच म्हणाले, "सांगू नको वं सूनबाई तिले. लेकराचा हिरमोड होईन."

मला खरंच राग आला. त्यांचा नाही, हा सगळा प्रेमाचा मामला माझ्या गळ्यात येऊन पडला याचा. सांगितलं तर तिची भेट मोडते, नाही सांगितलं तर रविवारचं सगळं थोतांड ठरतं. मी म्हटलं, "मी काहीच सांगणार नाही. तिचं ती पाहील."

संध्याकाळी तेवढाच एक नवा, बिनरंगाचा माठ आणला. धुऊन दोन्ही माठ एकाच नळाच्या पाण्यानं भरले आणि शेजारी शेजारी ठेवले. पोरीचा अंदाज ठाम होता, "माझ्यातलं जास्त गार होईल." सकाळी तिनं तापाचं थर्मामीटर बुडवून पाहिलं, पण ते अंगाच्या तापापुरतंच मोजतं, त्यात आकडाच येईना. मग आम्ही डोळ्यांना ओढणी बांधून पाणी पिऊन पाहायचं ठरवलं. आधी ती बसली. पहिला घोट, दुसरा घोट. मग तिनं ओढणी स्वतःच खाली ओढली आणि कोणत्या ग्लासात कोणतं पाणी होतं ते माझ्याकडून वदवून घेतलं. गार पाणी नव्या माठातलं निघालं. लगेच म्हणाली, "आता आबाजी."

मामाजींनी मुकाट्यानं ओढणी बांधून घेतली. दोन्ही ग्लासांतलं पाणी सावकाश प्यायले. म्हणाले, "दोन्ही सारखेच गार हायेत."

"आबाजी, तुम्ही खोटं बोलून राहिले."

"तू इतक्या हौशीनं रंगवला न बाई. मले गारच लागे."

तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता माठासाठी रडेल. पण ती ओरडली, "तुम्हीच असं केलं तर मले समजेल कसं?" आणि आत निघून गेली. मामाजी ओढणी हातात धरून बसून राहिले. मला दोघांचंही वाईट वाटलं, आणि कोणाची समजूत आधी काढावी ते सुचेना.

दुपारी खरखर आवाज आला. पाहते तर बाबाच्या हत्यारांच्या डब्यातला पॉलिश पेपर घेऊन पोरगी माठ घासत होती. मोर ठेवून बाकीचा रंग काढायचा, असं तिचं ठरलं होतं. बोटं निळी झाली होती. थोडा भाग घासून झाल्यावर तिनं माठ धुतला आणि रात्रभर भरून ठेवला. सकाळी त्यातला ग्लास आबाजींपुढे धरून उभी राहिली.

मामाजींनी घोट घेतला. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ग्लास खाली ठेवून, जड जीवानं म्हणाले, "कोमट हाये बाई. कालच्यापेक्षा बरं, पण कोमटच."

पोरीनं टाळी वाजवली. आबाजींच्या गळ्यात पडली आणि पॉलिश पेपर शोधायला पळाली.